बॉनेटवरची उलटी अक्षरं

लोंबे गाडी घेऊन आली तेव्हा बुपेच्या एका हातात चहाचा कप होता आणि दुसऱ्या हातात उकडलेलं रताळं. झांबियातल्या किट्वे शहरात, कारखान्यांच्या भागात, ऑक्टोबरचं ऊन सकाळीच डोक्यावर येतं, आणि तापलेल्या पत्र्यावर पॉलिश धरत नाही. लावता लावता वाळून त्याचे पापुद्रे होतात. म्हणून बुपे उजाडताच शेड उघडायची आणि न्याहारी उभ्या उभ्याच उरकायची.

लांबलचक पांढरी लँड क्रूझर शेडच्या तोंडाशी थांबली. लोंबेने खाली उडी मारली आणि चावी बुपेच्या ॲप्रनच्या खिशात टाकली.

"बाबांना फोन करायचा नाही," ती म्हणाली. "त्यांना वाटतंय मी सामान आणायला गाडी नेलीय. शनिवारी वरातीत सगळ्यांत पुढे हीच असणार. आरशासारखी करून दे."

"ही? हिला तर तुझे बाबा पाणीसुद्धा लावत नाहीत."

"लग्न माझं आहे, त्यांच्या धुळीचं नाही. किती वर्षं ऐकतेय, कामाची गाडी आहे, कामाची गाडी आहे. कामाच्या गाडीने तोंड धुवायचं नाही असं कुठं लिहिलंय?"

"ओरडले म्हणजे?"

"तुझ्यावर होय? शिव्या खायला मी आहे घरात. तू लाडकी." लोंबेने बुपेच्या हातातलं उरलेलं रताळं काढून घेतलं, खाल्लं आणि रस्त्यावरची टॅक्सी पकडून गेली.

लाडकी हे खरं होतं. लोंबेच्या वडिलांचं नाव ॲक्सन काटोंगो, पण पहिल्या मुलीच्या नावावरून सगळे त्यांना बाशी लोंबे, म्हणजे लोंबेचे बाबा, म्हणत. बुपेचे वडील आणि ते तरुणपणी तांब्याच्या खाणीत एकाच पाळीला खाली उतरायचे. पुढे बाशी लोंबेंनी खाण सोडली आणि ते सरकारी गाड्यांच्या एका वर्कशॉपात लागले. बुपेचे वडील खाणीतच राहिले आणि छातीच्या दुखण्याने गेले. तेव्हापासून बुपे बाशी लोंबेंना ताता म्हणायची, बाप म्हणतात तसं. ही शेड त्यांनी शब्द टाकला म्हणून मिळाली होती. बाई माणूस पॉलिशर चालवणार म्हणून आजूबाजूचे गॅरेजवाले दात काढत होते, तेव्हा पहिली गिऱ्हाइकंही त्यांनीच पाठवली. "मशीनला कळतं का धरणारा हात बाईचा की बाप्याचा?" असं ते चारचौघांत विचारायचे.

आणि ही गाडी. चार वर्षांपूर्वी बुपेची धाकटी बहीण मुताले बाळंतपणात गेली, तेव्हा तिची शवपेटी दवाखान्यातून घरी आणि घरातून स्मशानात ह्याच गाडीने नेली. कुणी न मागता बाशी लोंबे गाडी घेऊन दारात उभे राहिले होते. स्वतः चालवली, वाटेत एकदाही हॉर्न वाजवला नाही, आणि मातीला आपल्या माणसाइतके रडले. अशा माणसाच्या गाडीला नवरीच्या वरातीत मिरवायचं म्हटल्यावर बुपेने दिवसाची बाकीची कामं पुढे ढकलली.

तिने गाडी दोनदा धुतली. तांबडी माती सांध्यासांध्यात बसली होती. मग तिने बॉनेटवर हात फिरवला. रंग खडूसारखा झाला होता, बोटांना पांढरी भुकटी लागली.

शेजारच्या शेडमधून बा जेरे डोकावले. ते स्प्रे पेंटर, साठीला आलेले म्हणून नावाआधी मानाचा 'बा', जमातीने एंगोनी. बुपे बेंबा. ह्या दोन जमातींमध्ये एकमेकांची टिंगल करण्याचा जुना हक्क आहे आणि बा जेरे तो रोज बजावायचे.

"काय गं माकडखाऊ, आज खटारा चकाकवणार वाटतं?"

"उंदीर पकडून झाले असतील तर जरा इकडे या, बा जेरे. हा रंग बघा."

बा जेरेंनी बॉनेटवर नख टेकवलं, डोळे बारीक केले. "जुन्या पद्धतीचा आहे. वरती लाखेचा थर नाही. जे आहे ते सगळं रंगच. जाड पॉलिश नको मारू. कडेला खालचं अस्तर दिसेल."

"मला शिकवता?"

"मग विचारलंस कशाला?"

बुपेकडे फळीवर तीन बाटल्या कायम असायच्या. पहिल्या बाटलीतलं पॉलिश खरखरीत, बोटांत चोळलं की बारीक वाळूसारखं लागणारं. ते लोकरीच्या पॅडबरोबर लावलं तर खोल ओरखडेसुद्धा रंगासकट कापून निघतात. दुसरं मधलं. तिसरं सायीसारखं मऊ, नुसती शेवटची चमक आणणारं. गॅरेजवाल्या पोरांची रीत अशी की सरळ पहिल्या बाटलीला हात घालायचा. काम झटपट होतं, गिऱ्हाईक खूष होतं, आणि दोन वर्षांत रंग संपतो. बुपे उलटीकडून सुरू करायची. तिने बॉनेटच्या मधोमध चिकटपट्टीने एक चौकोन आखला, अर्ध्या भागावर मऊ आणि अर्ध्यावर मधलं पॉलिश लावून पाहिलं. मऊ पॉलिश नुसतं घसरलं. मधल्याने स्पंजचं पॅड दुधासारखं पांढरं झालं, आणि पुसल्यावर चौकोनात छताची पन्हाळं दिसू लागली.

"मधलंच," ती स्वतःशी म्हणाली.

तिने मशीनचा वेग कमी ठेवला, वायर खांद्यावरून मागे टाकली आणि हातभर पट्टा घेऊन कामाला लागली. आडवा हात, उभा हात, पुसणं, पुढचा पट्टा. कडांपाशी आली की ती पॅड उचलून घ्यायची आणि तेवढा भाग हाताने घासायची. अर्धी सकाळ बॉनेटमध्येच गेली. शेवटी बा जेरेंना हाक मारून दोघांनी गाडी ढकलत शेडबाहेर उन्हात आणली. ट्यूबलाइटखाली न दिसणाऱ्या चुका ऊन दाखवतं.

उन्हाने एक वेगळीच गोष्ट दाखवली.

बॉनेटवर आडव्या ओळीत कसल्या तरी कडा होत्या. रंगात फरक नव्हता, पांढऱ्यावर पांढरंच. पण डोकं जरा तिरकं केलं की उजेड त्या कडांवर अडायचा. कधी काळी तिथे मोठी अक्षरं चिकटवलेली होती. अक्षरांखालचा रंग झाकलेला राहिला आणि भोवतालचा उन्हापावसाने झिजला. इतकी वर्षं भुकटीखाली सगळं सपाट दिसत होतं. चमक आल्याबरोबर अक्षरं वर आली.

"काय लिहिलंय?" बा जेरेंनी विचारलं.

"वाचताच येत नाही. कुठली भाषा आहे कोण जाणे."

पुढे एका शिक्षिकेची छोटी टोयोटा धुण्यासाठी उभी होती. बुपे बादली उचलायला तिच्यापाशी वाकली आणि सहज तिची नजर त्या टोयोटाच्या बाजूच्या आरशात गेली. आरशात लँड क्रूझरचं बॉनेट होतं. आरशात अक्षरं सुलटी होती.

अँब्युलन्स.

बादली तशीच ठेवून ती सरळ झाली. "बा जेरे, ही अँब्युलन्स होती."

बा जेरे आले, गुडघे धरून वाकले, आरशात बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "असेल. सरकार जुन्या गाड्या लिलावात काढतंच की. काटोंगो त्याच खात्यात होते. घेतली असेल स्वस्तात."

"तातांनी कधी सांगितलं नाही."

"लोकांना सांगायची गोष्ट आहे का ती? हिच्यात किती माणसं मेली असतील असं म्हणत कुणी बसलं नसतं गाडीत."

बुपेला ते पटलं. पटलं आणि बरंही वाटलं. दोघांनी गाडी परत सावलीत घेतली. आता फक्त एवढंच ठरवायचं होतं की वरातीच्या गाडीवर ही अक्षरं ठेवायची की नाही. लोंबेला विचारून काय ते करू, असं म्हणत तिने मागच्या बाजूचा लांब पत्रा हातात घेतला.

पहिला पट्टा पुसला तेव्हा 'चि' दिसलं. इथे अक्षरं सुलटीच होती, आरशाची गरज नव्हती. तिने पॅडवर पॉलिशचे थेंब टाकले आणि पुढचा पट्टा घेतला. 'मु'. तिचा हात थांबला नाही. कामाची लय हातात बसली की हात आपोआप पुढे जातो, तसा तो गेला. पुसायचं फडकं फिरलं आणि पूर्ण नाव समोर आलं.

चिमुती ग्रामीण आरोग्य केंद्र.

दुसऱ्या हातात धरलेलं मशीन चालूच होतं, ते तिच्या हातून सुटलं. पॅड सिमेंटवर टेकलं आणि मशीन वेड्यासारखं गरगरत शेडभर धावलं, बाटल्यांची फळी त्याने पाडली, वायरचा पीळ बुपेच्या पायाला बसला. बा जेरे धावत आले आणि त्यांनी प्लग ओढला. ती खाली पाहतसुद्धा नव्हती.

"लागलं का? बुपे. अगं, लागलं का कुठं?"

"चिमुती," ती म्हणाली.

बा जेरेंनी वाचलं. ते मुतालेच्या मातीला आले होते. त्यांना पुढचं काही सांगावं लागलं नाही. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली आणि परत घालायचं विसरून गेले.

मुताले चिमुतीच्या शाळेत शिक्षिका होती. तिथून डांबरी रस्ता लांब, आणि शहरातला मोठा दवाखाना त्याहून लांब. मुलगी सुखरूप जन्मली, पण मुतालेचा रक्तस्राव थांबेना. तिथल्या नर्सबाई, सिम्पासा नावाच्या, नंतर बुपेसमोर जमिनीवर बसून सगळं सांगून गेल्या होत्या. केंद्राला स्वतःची अँब्युलन्स होती. त्याच वर्षी पावसाआधी ती दुरुस्तीला शहरात नेली आणि परत आलीच नाही. विचारलं तर उत्तर मिळालं की चोरांनी वर्कशॉपातून पळवली, सीमा ओलांडून काँगोत गेली, आता विसरा. म्हणून मुतालेला एका शेतकऱ्याच्या ट्रॅक्टरमागच्या ट्रॉलीत, मक्याच्या पोत्यांवर गादी टाकून निजवलं. नर्सबाई शेजारी बसून तिचं पोट दाबत राहिल्या. डांबरी रस्ता दिसायला लागला तेव्हा मुताले गेलेली होती.

बुपेने गाडीचं मागचं दार उघडलं. दोन्ही बाजूंना लांब बाकं होती. त्या दिवशी ती उजवीकडच्या बाकावर बसली होती, शवपेटी वळणावर सरकू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून. तिच्या चपलेची टाच जमिनीतल्या एका भोकात अडकली होती आणि उतरताना ती धडपडली होती. ती भोकं आताही तिथेच होती, चार, चौकोनात. तिने त्यांत बोट घातलं. आत आटे होते. स्ट्रेचर इथे पक्कं केलेलं असायचं.

म्हणजे मुताले ह्याच गाडीत बसली. फक्त उशिरा.

 बुपेने दाराला धरून सकाळचा चहा गटारात ओकला. बा जेरेंनी पाणी आणून दिलं.  त्या दिवशी त्यांनी पुन्हा एकही टिंगल केली नाही.

दुपार व्हायच्या आत बाशी लोंबे आले. घरी कुणीतरी बोलून गेलं असणार. टॅक्सीतून उतरले तेव्हा अंगात इस्त्रीची पँट आणि पायात घरातल्या सपाता होत्या. "अगं, कशाला दिली लोंबेने ही गाडी," असं हसत बोलतच ते आत आले, आणि पत्र्यासमोर उभे राहिले. हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं. ते काढायचं कसं हे जणू त्यांना समजेना.

"तुमच्याच वर्कशॉपात होती ना ही, ताता?" बुपेने विचारलं.

ते बा जेरेंकडे बघू लागले.

"बा जेरे इथंच थांबतील," ती म्हणाली.

बाशी लोंबे उलट्या घातलेल्या डब्यावर बसले. आवाज अगदी खाली गेला. "गिअरबॉक्स गेला होता. सुटे भाग येईपर्यंत मागच्या शेडमध्ये पडून होती. वरचे साहेब म्हणाले, हिची वाट कुणी बघत नाहीये, खेड्यातल्या लोकांना बैलगाडीची सवय असते. कागदावर ती काँगोत गेली. मला म्हणाले, तू घे, तुझी निवृत्ती जवळ आलीय. मी नाही म्हटलं असतं तर दुसऱ्या कुणीतरी घेतली असती, बुपे."

"कोणत्या गावची आहे हे तुम्हाला माहीत होतं."

"पत्र्यावर लिहिलेलं होतं. मीच खरवडून काढलं."

"मुताले चिमुतीत शिकवते हे माहीत होतं."

"ते तेव्हा मनातसुद्धा आलं नाही. गावात हजार माणसं. गाडी म्हणजे गाडी, एवढंच डोक्यात."

"आणि ती गेल्यावर?"

बाशी लोंबेंनी तोंडावरून हात फिरवला. "नर्सबाई सांगत होत्या तेव्हा मी तुझ्या मागेच उभा होतो. सगळं ऐकलं. रात्रभर झोपलो नाही. म्हणून तर सकाळी गाडी घेऊन आलो. दुसरं काय करता येणार होतं मला? निदान शेवटचं तरी तिला नीट नेऊ, असं वाटलं."

 चार वर्षं बुपेला हा माणूस रडताना आठवत होता आणि त्या आठवणीने तिला धीर यायचा. ते रडणं खोटं असतं तर तिला सोपं गेलं असतं. ते खरंच रडले होते. का रडले हे तिला आज समजत होतं. आता बुपेकडेच वाढणाऱ्या मुतालेच्या लेकीच्या, लुबुतोच्या, प्रत्येक वाढदिवसाला ते ह्याच गाडीतून दाण्याचं पीठ आणि सुके मासे घेऊन यायचे. पोरीला पुढच्या सीटवर बसवून गल्लीतून एक चक्कर मारून आणायचे.

"लुबुतोला तुम्ही ह्या गाडीत बसवलंत," ती म्हणाली. 

"माझं चुकलं. तू सांगशील ते करतो. पण शनिवार जाऊ दे." ते उठले आणि जमिनीवर पडलेल्या बाटल्यांतली खरखरीत पॉलिशची बाटली त्यांनी शोधून उचलली. गाड्यांमध्ये आयुष्य गेलेला माणूस. कोणती बाटली हे त्यांना सांगावं लागलं नाही. "हे आणि लोकरीचं पॅड. संध्याकाळपर्यंत सगळं सपाट होईल. रंग गेला तर गेला. लोंबेसाठी कर. तिचा काय दोष आहे? पाहुणे गावाहून निघालेसुद्धा. लग्न होऊ दे, मग मी स्वतः जाऊन काय ते सांगतो."

बुपेने बाटली हातात घेतली.

नंतर कुणी विचारलं तर ती हे लपवत नसे: त्या क्षणी तिला ती अक्षरं पुसायचीच होती. लोंबेसाठी, आणि थोडं स्वतःसाठीही. पुसली तर सकाळपर्यंत जे आयुष्य होतं ते परत मिळेल असं काहीतरी वाटलं. तिने मशीनला लोकरीचं पॅड लावलं. प्लग खोचला. पॉलिश पॅडवर ओतलं आणि पॅड पत्र्याला टेकवलं, 'चि'च्या वरती.

बटण दाबायला बोट वळेना.

 रस्त्यावरून खाणीचा ट्रक गेला, त्याने शेडचा पत्रा थरथरला. बाशी लोंबे मागून हलकेच म्हणाले, "दाब, पोरी." ते म्हणाले नसते तर काय झालं असतं कोण जाणे. त्या आवाजात रोजचीच माया होती, आणि तीच तिला सहन झाली नाही. तिने मशीन खाली ठेवलं, पॅड काढून पाण्याच्या बादलीत टाकलं, आणि ओल्या फडक्याने पत्र्यावरचा खरखरीत पॉलिशचा डाग पुसून घेतला.

"ताता, तुम्ही घरी जा."

"बुपे."

"चावी माझ्याकडे आहे. ती मी लोंबेच्या हातात देणार. पुढचं तिला ठरवू दे."

"तिला नको सांगू. हवं तर मी तुझ्या पाया पडतो."

ते खरोखर वाकायला लागले. बापाच्या वयाचा माणूस लेकीच्या वयाच्या बाईपुढे वाकतोय हे बघवेना म्हणून बा जेरेंनी त्यांचे खांदे धरले आणि त्यांना बाहेर नेऊन टॅक्सीत बसवलं. जाताना त्यांची एक सपात गाड्या धुण्याच्या पाण्याने झालेल्या चिखलात राहिली.

बुपेने मधलं पॉलिश पुन्हा घेतलं. तिला दुसरं काही सुचत नव्हतं. रिकाम्या हाताने वाट बघता आली नसती. तिने दुसरी बाजू केली, दारं केली, मागचा भाग केला. शेवटी सगळ्या गाडीवर मऊ पॉलिशचा हात मारला. तिने आजवर केलेल्या कामांत ते सगळ्यांत चांगलं होतं. लोंबे संध्याकाळी आली तेव्हा गाडी शेडबाहेर उभी होती, आणि तिरप्या उन्हात नाव रस्त्याच्या पलीकडून वाचता येत होतं.

"हे काय आहे?" लोंबेने विचारलं. तिच्या हातात लग्नाच्या फुलांच्या पिशव्या होत्या.

बुपेने सांगितलं. सगळं, क्रमाने, काहीही न वाढवता. लोंबे मध्येच दोनदा "नाही" म्हणाली. मग तिने वडिलांना फोन लावला, आणि पलीकडून त्यांनी काही म्हणायच्या आतच, नुसत्या त्यांच्या श्वासावरून, तिला कळलं. तिने फोन बंद केला.

"तू पुसू शकली असतीस," ती बुपेला म्हणाली.

"हो."

"मग का नाही पुसलंस? शनिवारनंतर सांगता आलं असतं की. रविवारी सांगायचंस." तिचा चेहरा रागाने वेडावाकडा झाला होता. "तुला माझं वाटोळंच बघायचं होतं."

 लोंबेने चावी हिसकून घेतली, गाडीत बसली, दार आपटलं. इंजिन सुरू झालं, पण गाडी हलली नाही. बराच वेळ ती स्टीअरिंगवर कपाळ टेकून बसून होती. मग काच खाली झाली.

"ये," ती म्हणाली. "मला एकटीला पोलीस ठाण्यात जाता येणार नाही."

लग्न त्या शनिवारी झालं नाही. महिन्याभराने चर्चमागच्या खोलीत, दोन्हीकडची मोजकी माणसं घेऊन झालं. नवरीला आणून उभं करायचं काम तिच्या मामाने केलं. बाशी लोंबेंनी पोलिसांपुढे सगळं कबूल केलं, साहेबांचं नावही घेतलं. साहेबांची दुसऱ्या प्रांतात बदली झाली. बाशी लोंबेंची सुनावणी पुढे पुढे जात राहिली. ते जामिनावर घरीच असत, आणि गल्लीतली माणसं त्यांच्या दारावरून जाताना मोबाइलमध्ये बघत जात.

गाडी पुरावा म्हणून ठाण्याच्या आवारात आंब्याच्या झाडाखाली उभी राहिली. बुपे दोन-तीनदा जाऊन बघून आली. चमक उतरत चालली होती आणि अक्षरांच्या कडांमध्ये धूळ बसून नाव आणखीच ठळक झालं होतं. सिम्पासाबाईंचा फोन आला की ती विचारायची, दुसरी गाडी मिळाली का. त्या म्हणायच्या, अर्ज केलाय. ट्रॅक्टरवाला शेतकरी भला आहे, हाकेला येतो.

पावसाळा संपत आला तेव्हा एका दुपारी लोंबे शेडवर आली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच. अंगाने भरली होती. पोट दिसायला लागलं होतं. बा जेरेंनी तिला खुर्ची आणून दिली आणि ते आपल्या शेडमध्ये परत गेले. बुपे एका निळ्या गाडीच्या छतावर काम करत होती. तिने मशीन बंद केलं.

"मी ती गाडी दुसऱ्या कुणाकडे नेली असती तर?" लोंबेने विचारलं. "रोज हाच विचार येतो."

"त्यांनी सरळ जाड पॉलिश मारलं असतं. कुणाला काही दिसलं नसतं."

लोंबेने मान हलवली. तिने पॅडवरच्या निळ्या रंगाला बोट लावलं. मग म्हणाली, "तुला बाबांचा राग येतो?"

"राग येतो तेव्हा बरं असतं," बुपे म्हणाली. "कधी कधी काही चांगलं काम झालं की वाटतं, तातांना दाखवू या. तेव्हा काय करावं कळत नाही."

लोंबे रडायला लागली. बुपेने हात ॲप्रनला पुसले आणि तिच्या खुर्चीशेजारी जमिनीवर बसली.

"कितवा महिना?" तिने विचारलं.

"सहावा."

"शहरातच राहा," बुपे म्हणाली. "सासरी गावाला जाऊ नकोस. इथंच राहा."